कुत्र्याचे नाक आणि आपला निष्कर्ष



पोलिसांच्या श्वानपथकाचे प्रात्यक्षिक तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मैदानावर सारखे दिसणारे पाच-सहा डबे ओळीने मांडलेले असतात. त्यांपैकी एकात गांजाची पुडी ठेवलेली असते. हस्तक, म्हणजे कुत्र्याला सांभाळणारा पोलीस, पट्टा धरून त्याला ओळीने नेतो. कुत्रा एकेक डबा हुंगत पुढे सरकतो आणि चौथ्या डब्यापाशी येताच खाली बसतो. डबा उघडला जातो, आतून पुडी निघते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

टाळ्या जरूर वाजवा. कुत्र्याची कामगिरी त्या योग्यतेचीच आहे. पण टाळ्या थांबल्यावर एक प्रश्न विचारायला विसरू नका : "पुडी कोणत्या डब्यात आहे, हे हस्तकाला आधीपासून ठाऊक होते का?" प्रश्न थोडा आगाऊपणाचा वाटेल. परंतु त्या प्रात्यक्षिकाचे शास्त्रीय मूल्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे. ते का, हे आपण क्रमाने पाहू.

नाकापर्यंत काय पोहोचते?

देवघरातला कापूर खोलीभर दरवळतो, पण स्वयंपाकघरातल्या मिठाला वास येत नाही. कापराचे रेणू सहज हवेत मिसळतात, मिठाचे मिसळत नाहीत. जो पदार्थ हवेत येतच नाही, त्याचा वास माणसाला येत नाही, तसा कुत्र्यालाही येत नाही. कुत्र्याचे नाक कितीही तीक्ष्ण असले, तरी हा निसर्गनियम त्यालाही लागू आहे.

ते नाक तीक्ष्ण आहे, यात मात्र शंका नाही. गंधाचे रेणू ओळखणारे ग्राहक आपल्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे असतात, तर कुत्र्याच्या नाकात सुमारे ८००. हुंगताना कुत्रा सेकंदाला साधारण पाच वेळा हवा आत ओढतो. आत गेलेल्या हवेचा काही भाग थेट नाकाच्या मागच्या गंधकक्षात जातो आणि उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या फटींतून बाहेर पडतो. त्यामुळे समोरून येणारा वास विस्कटत नाही. वासांचे मिश्रणही तो सुटे सुटे ओळखू शकतो. आमटीचा वास आला की आपण 'आमटी' म्हणतो. त्याला त्यातले हिंग, कढीलिंब आणि चिंच बहुधा वेगवेगळी कळत असावीत. मात्र उन्हातान्हात दमलेला कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकू लागला, की त्याचे हुंगणे कमी होते. धापा टाकणे आणि हुंगणे ही दोन्ही कामे त्याला एकाच वेळी नीट जमत नाहीत. म्हणून भर दुपारी तासन् तास राबवलेल्या कुत्र्याकडून सकाळच्या अचूकतेची अपेक्षा करणे रास्त नाही.

आता गंमत पाहा. कोकेनची जी भुकटी पोलीस पकडतात, तिचे रेणू फारच थोडे हवेत जातात. मग कुत्रा कोकेन शोधतो कसे? दमट हवेत कोकेनचे थोडे थोडे विघटन होते आणि मेथिल बेंझोएट नावाचा सुवासिक, सहज उडून जाणारा पदार्थ तयार होतो. कोकेन शोधणारे कुत्रे मुख्यतः या वासाला प्रतिसाद देतात, असे अमेरिकेतील फ्लोरिडा इंटरनॅशनल विद्यापीठातील केनेथ फर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. हेरॉईनच्या विघटनातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटते. अ‍ॅस्पिरिनच्या जुन्या बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो, तोही अशाच विघटनामुळे. म्हणजे कुत्रा 'अमली पदार्थ' हुंगत नाही. त्या पदार्थासोबत असणारे काही वास तो हुंगतो.

चिकित्सक विद्यार्थी लगेच विचारील : मेथिल बेंझोएट दुसरीकडे कोठे असले, तर कुत्रा फसेल का? हा पदार्थ स्नॅपड्रॅगनच्या फुलांच्या सुगंधात भरपूर असतो. म्हणून फर्टन यांच्याच गटाने पोलिसांच्या प्रशिक्षित कुत्र्यांपुढे ही ताजी फुले ठेवून पाहिली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात कुत्रे फसले नाहीत. फुलांच्या वासात इतरही अनेक द्रव्ये असतात, आणि कुत्र्याला सगळ्या मिश्रणातला फरक कळला. कुत्र्याच्या बाजूने जे आहे, तेही असे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

नाकाला काय कळत नाही?

कुत्र्याला अमली पदार्थाचे व्यसन लावतात, असा एक समज आहे. तो खोटा आहे. वास सापडला की आवडता चेंडू किंवा खाऊ मिळतो, एवढेच त्याला शिकवलेले असते. 'अमुक वास आला की बस, मग चेंडू मिळेल' हा त्याचा सगळा कायदा.

त्यामुळे काही गोष्टी त्याला सांगताच येत नाहीत. वास आता तेथे असलेल्या वस्तूचा आहे, की काल तेथून हलवलेल्या वस्तूचा, हे त्याच्या बसण्यावरून कळत नाही. वस्तू गेली तरी तिचा वास काही काळ मागे राहतो. पिशवीत ती वस्तू कोणी ठेवली, हे कळत नाही. गर्दीच्या गाडीत शेजारी बसलेल्याच्या कपड्यांचा वास तुमच्या सदऱ्याला लागला असेल, तर तुमचा काय दोष? तेही त्याला कळत नाही.

एवढेच काय, कोणता पदार्थ आहे हेही तो सांगत नाही. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात किलो नावाचा एक पोलीस कुत्रा होता. त्याला गांजासह पाच पदार्थांचे वास शिकवले होते आणि पाचही वासांना त्याचा इशारा एकच होता. पुढे २०१२ च्या मतदानाने त्या राज्यात प्रौढांना थोडा गांजा बाळगणे कायदेशीर ठरले. आता किलो एखाद्या मोटारीपाशी थांबला, तर आत गुन्हा आहे की कायदेशीर वस्तू, हे कसे ठरवायचे? २०१९ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गुन्हा घडल्याचा पुरेसा संशय आधीपासून असल्याशिवाय अशा कुत्र्याकडून मोटार हुंगवता येणार नाही. माणसाने कायदा बदलला, पण कुत्र्याच्या नाकाला ते कोण सांगणार?

पट्ट्याचे दुसरे टोक

पट्ट्याच्या एका टोकाला कुत्रा असतो, तसा दुसऱ्या टोकाला माणूस असतो. येथे एका घोड्याची आठवण होते. १९०४ च्या सुमारास बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा फार गाजला होता. बेरीज-वजाबाकीचे उत्तर तो टाप आपटून देत असे. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने बारकाईने चाचण्या घेतल्या. विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तरच हान्सचे उत्तर बरोबर येते, एरवी येत नाही, असे त्याला आढळले. टापांची संख्या योग्य आकड्यावर येताच विचारणाऱ्याच्या मानेची किंवा चेहऱ्याची नकळत किंचित हालचाल होई आणि घोडा थांबे. घोड्याच्या मालकाने लबाडी केली नव्हती. आपण इशारा देत आहोत, हे त्याचे त्यालाच माहीत नव्हते.

कुत्रा तर माणसाच्या हालचाली वाचण्यात घोड्याच्याही पुढे. अमेरिकेत लिसा लिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमली पदार्थ किंवा स्फोटके शोधणारे १८ कुत्रे व त्यांचे हस्तक घेऊन एक प्रयोग केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एका चर्चच्या चार खोल्या निवडल्या. हस्तकांना सांगितले, की खोल्यांमध्ये शोधायचा वास असू शकेल, आणि काही ठिकाणी लाल कागद लावून जागा दाखवलेली असेल. प्रत्यक्षात एकाही खोलीत तसला कोणताही पदार्थ नव्हता. एकूण १४४ वेळा शोध घेण्यात आला. बरोबर उत्तर प्रत्येक वेळी 'काही नाही' हेच होते. ते फक्त २१ वेळा आले. उरलेल्या १२३ शोधांत मिळून २२५ चुकीचे इशारे नोंदवले गेले आणि लाल कागद असलेल्या जागी ते अधिक होते. यांतले किती इशारे कुत्र्याने खरोखर दिले आणि किती हस्तकाला दिल्यासारखे वाटले, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. पण झडती घेतल्या जाणाऱ्या माणसाला त्याने काय फरक पडतो?

थोडे गणित

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, एक कुत्रा दहापैकी नऊ वेळा अमली पदार्थ बरोबर शोधतो आणि शंभर निर्दोष पिशव्यांपैकी पाचच वेळा चुकतो. कुत्रा उत्तम आहे, असे कोणीही म्हणेल. एका स्थानकावर त्याने १,००० पिशव्या हुंगल्या आणि त्यांपैकी १० पिशव्यांतच अमली पदार्थ होता. कुत्रा त्यांतल्या ९ पकडील. उरलेल्या ९९० निर्दोष पिशव्यांपैकी सुमारे ५० पिशव्यांपाशीही तो बसेल. म्हणजे एकूण ५९ इशारे, त्यांतले खरे ९. शंभरांत जेमतेम १५!

आता तोच कुत्रा अशा ठिकाणी न्या, की जेथे १,००० पैकी ५०० पिशव्यांत अमली पदार्थ आहे. खरे इशारे ४५०, खोटे २५. शंभरांत जवळजवळ ९५ बरोबर. नाक तेच, पण इशाऱ्याचे वजन किती बदलले! म्हणून पक्की खबर मिळाल्यावर कुत्रा नेणे वेगळे आणि रस्त्यावरच्या गर्दीत कुत्रा फिरवणे वेगळे.

हे केवळ कागदावरचे गणित नव्हे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात लोकपालाने पोलिसांच्या अशा कुत्र्यांच्या दोन वर्षांच्या कामाची तपासणी केली. तिचा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यांनी १०,२११ वेळा इशारा दिला होता. झडतीत अमली पदार्थ मिळाला तो शंभरांपैकी सुमारे २६ वेळा. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पूर्वी आपला अशा पदार्थाशी संबंध आल्याचे सांगितले. तेव्हा कुत्र्याला जुना वास आला असणे शक्य आहे. तरीही चारचौघांत थांबवून ज्यांचे खिसे तपासले गेले, त्यांतल्या बहुतेकांजवळ त्या वेळी काहीही नव्हते.

मग कुत्रे नकोत का?

माझे म्हणणे तसे मुळीच नाही. बंदरातले शेकडो खोके माणसाने उघडून पाहायचे म्हटले, तर दिवस पुरणार नाहीत. तेथे कुत्र्यासारखा मदतनीस नाही. प्रश्न आहे तो त्याच्या इशाऱ्याला काय म्हणायचे, हा. तो तपासाचा प्रारंभ आहे, शेवट नव्हे. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात, माग काढणाऱ्या पोलीस कुत्र्याविषयी, असाच विचार मांडला होता. कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून उलटतपासणीला उत्तर देऊ शकत नाही. त्याच्या वतीने हस्तकच बोलतो. म्हणून माणसाचे स्वातंत्र्य अशा पुराव्यावर सोपवताना फार सावध राहिले पाहिजे. अमली पदार्थांच्या खटल्यातही शेवटी रासायनिक तपासणीचा अहवालच बोलतो.

अमेरिकेत मात्र वेगळा वाद झाला. फ्लोरिडातील अल्डो नावाच्या कुत्र्याने एकाच माणसाच्या वाहनापाशी दोन वेळा इशारा दिला. त्याला जे पदार्थ शिकवले होते, त्यांपैकी एकही दोन्ही वेळा मिळाला नाही. पहिल्या वेळी सापडली ती एक अमली पदार्थ बनवण्याची सामग्री, पण तिचा वास अल्डोला शिकवलेलाच नव्हता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की कुत्रा प्रत्यक्ष कामात किती वेळा चुकला, याची नोंद दाखवा. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हा निर्णय फिरवला. रस्त्यावरच्या कामात कुत्र्याचे चुकलेले शोध कळतच नाहीत आणि जुना वासही चूक म्हणून मोजला जातो. त्यापेक्षा प्रशिक्षणातील चाचणी अधिक भरवशाची, असे त्या न्यायालयाचे म्हणणे होते.

या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग ती चाचणी तशी हवी! पदार्थ कोठे ठेवला आहे, तो ठेवला आहे की नाही, हे हस्तकाला आणि तेथे उभ्या असलेल्या कोणालाही ठाऊक नसले पाहिजे. काही फेऱ्यांमध्ये सगळे डबे रिकामेच असले पाहिजेत. नव्या औषधाची परीक्षा घेताना आपण हीच काळजी घेतो. ज्या इशाऱ्यावर एखाद्याची अब्रू पणाला लागते, त्याच्या परीक्षेत ती का घेऊ नये?

हे पटत नसेल, तर शाळेच्या विज्ञान मंडळात करून पाहा. दहा रिकाम्या काड्यापेट्या घ्या. एकाने काहींमध्ये चिमूटभर ओवा टाकून सगळ्या बंद कराव्यात आणि खोलीबाहेर जावे. दुसऱ्याने एकेक पेटी तिसऱ्याच्या नाकाजवळ धरावी. तिसऱ्याने फक्त 'आहे' किंवा 'नाही' म्हणावे. काही फेऱ्यांमध्ये पेटी धरणाऱ्याला ओवा कोठे आहे ते सांगा, काहींमध्ये सांगू नका. आणि एका फेरीत सगळ्या पेट्या रिकाम्या ठेवा, पण ते कोणालाही कळू देऊ नका. त्या रिकाम्या फेरीत किती वेळा 'आहे' असे उत्तर आले, ते वहीत मांडा.

मग पुढच्या वेळी श्वानपथक शाळेत आले, की कुत्र्याचे कौतुक करा आणि नम्रपणे तो पहिला प्रश्न विचारा.