मोठी सात्या, बारीक सात्या



पोळ्याआधीची गोष्ट. बेसा चौकात आपल्याकडची एक बाई पळसाच्या पानांवर सात्यांचे दोन ढीग मांडून बसली होती. एकात वीतभर दांड्याच्या मोठ्या, दुसऱ्यात नखाएवढ्या बारीक. फ्लॅटमधली गिऱ्हाईक म्हणाली, "एकच तं जात, बारीक अर्ध्या भावानं दे." बाई म्हणे, "एक नाई बाई ते. मोठी वारुळातून येते, बारीक वारुळाच्या बाहीर."

हे आपल्या सामूहिक दाव्यांत कुठं लिहिलं आहे? तिथं आपण 'अळिंबी' एवढा एक शब्द टाकून मोकळे होतो. माझ्या मते ही मोठी चूक आहे.

दोन्ही एकाच कुळातल्या, दोन्ही वाळवीच्या भरवशावर. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून वारुळात पोळं करते, त्यावर ही बुरशी वाढते. मोठीचं लांब मूळ खाली त्या पोळ्यापर्यंत जातं. म्हणून ती दरसाल त्याच जागी सापडते अन् आजीला वारूळ पाठ असते. बारकीला असं मूळच नाही. वाळवी पोळ्याचा चुरा वर आणून मातीवर पसरवते, त्यावर ती शेकड्यानं उगवते. धिंगरीसारखी यांची शेती अजून कोणाला साधली नाही. जंगल गेलं की दोन्ही गेल्या.

तेव्हा नकाशात मोठीसाठी एकेक वारूळ टिंबानं दाखवा, अन् बारकीसाठी भोवतालचा सगळा पट्टा. नाहीतर रोपवनाचे चर खोदताना साहेब म्हणतील, "वारुळं सोडली ना तुमची?" आणि पट्टा जेसीबीखाली जाईल.

दुसरी अडचण कायद्याची. 2006 चा वनहक्क कायदा गौण वनोपज 'वनस्पतीजन्य' म्हणतो. यादीत अळिंबीचं नाव नाही, आणि अळिंबी वनस्पती नव्हे हे शास्त्राप्रमाणं खरं आहे. कोणीतरी नेमकं तेवढंच शास्त्र वाचून येईल. त्याला विचारा, मग त्याच यादीत मध, लाख, कोसा कसा आला? लाख तं किड्याची! यादीच्या शेवटी 'तत्सम' हाही शब्द आहे. पण वादापेक्षा कागद बरा. नियम 13 मध्ये वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब पुरावा म्हणून चालतात. कंदमुळं, रानफळं, वनोपज गोळा करायच्या जागाही चालतात.

बेसा भागात लेआउट पडायच्या आधी बांधांवर टेकोडे निघत, असं इथले म्हातारे सांगतात. कोणत्या बांधावर, ते कोणत्याच कागदात नाही.

ग्रामसभेत जबाब घेताना आधी बाया बसवा. बापे बहुतेक मोठीच ओळखतात. मीही त्यातलाच.