ओरखडा, रंग आणि डोळा

आपल्या शाळांत रंगांचा धडा लोलकापाशी सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. सात रंगांची नावे क्रमाने सांगता आली, अपस्करणाची व्याख्या लिहिता आली, की विषय पुरा झाला असे आपण मानतो. माझ्या मते या धड्याचा उत्तरार्ध जळगाव-धुळ्याच्या गॅरेजांत आहे आणि तो विद्यार्थ्यांना शिकवला पाहिजे. मोटारीच्या दारावरचा ओरखडा कोणाच्या लक्षात येणार नाही असा भरून काढणे, या कामाला आपण 'डेंटिंग-पेंटिंग' म्हणतो आणि विसरतो. पण त्यात प्रकाशशास्त्र आहे, रसायन आहे आणि मानवी डोळ्याचा अभ्यासही आहे.

प्रथम ओरखडा म्हणजे काय ते पाहू. हल्लीच्या बहुतेक मोटारींवर रंगाचा एकच थर नसतो. पत्र्यालगत अस्तराचे थर, त्यावर खऱ्या रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर अशी रचना असते. सर्व थरांची मिळून जाडी साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे कागदाच्या एका पानाएवढी असते. त्यात खऱ्या रंगाचा थर अवघा १५ ते २० मायक्रॉन! पुष्कळ ओरखडे फक्त लॅकरलाच पडतात, तरी ते पांढरे दिसतात. रंग गेलेला नसतो. खडबडीत झालेल्या पृष्ठभागावरून प्रकाश चहूकडे विखुरलेला असतो. अनुभवी रंगारी अशा ओरखड्यावर ओला हात फिरवतो. ओरखडा दिसेनासा झाला, तर नुसत्या पॉलिशने भागण्याचा संभव असतो. तो तसाच दिसत राहिला, तर रंगाचे काम निघाले असे समजावे.

हा प्रयोग तुम्ही घरी करू शकता. प्लॅस्टिकची जुनी पारदर्शक फूटपट्टी पॉलिश पेपरने घासा. ती दुधाळ होईल. तिच्या एका टोकाला पाण्याचा व दुसऱ्या टोकाला खोबरेल तेलाचा थेंब पसरा. तेलाखालचा भाग अधिक स्वच्छ दिसेल. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३, तेलाचा सुमारे १.४५ आणि अशा प्लॅस्टिकचा सुमारे १.५. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरक जितका कमी, तितके विखुरणे कमी. ओला हात फिरवणारा रंगारी हीच परीक्षा घेत असतो.

आता रंग जुळवण्याचा प्रश्न. मोटारीवरच्या पट्टीवर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो. मग त्या क्रमांकाचा डबा आणून मारला की झाले, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही, याची कारणे मोठी शिकण्यासारखी आहेत.

पहिले कारण ऊन. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी रंगद्रव्यांचे व लॅकरचे रेणू हळूहळू बदलतात. आठ वर्षे उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग हा डब्यातला रंग उरलेला नसतो. त्यातही छतावर ऊन अधिक पडते आणि उभ्या दारावर कमी. म्हणजे एकाच गाडीवर एकाच रंगाच्या दोन छटा!

दुसरे कारण फवारणी. चंदेरी किंवा 'मेटॅलिक' रंगांत ॲल्युमिनियमचे सूक्ष्म पापुद्रे असतात. प्रत्येक पापुद्रा म्हणजे एक छोटा आरसा. ते कसे पहुडतात यावर रंग उजळ दिसेल की गडद, हे ठरते. फवारा ओला पडला तर छटा गडद होते, कोरडा पडला तर उजळ. मे महिन्यात थिनर वाटेतच उडून जातो, थेंब निम्मे सुकून पत्र्यावर बसतात आणि त्याच डब्यातला रंग वेगळा दिसतो. म्हणून उन्हाळ्यात सावकाश उडणारे थिनर वापरतात. बाष्पीभवनाचा वेग तापमानाबरोबर वाढतो, हे आपण परीक्षेत लिहितो. रंगारी ते दररोज हाताळतो.

तिसरे कारण आपला डोळा. दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशी तीनच प्रकारच्या असतात. असंख्य तरंगलांबींचे मिश्रण डोळा केवळ तीन संदेशांत बसवतो. त्यामुळे निरनिराळ्या रंगद्रव्यांचे दोन रंग ट्यूबलाइटखाली तंतोतंत सारखे, पण उन्हात वेगळे दिसू शकतात. शास्त्रज्ञ याला मेटामेरिझम म्हणतात. साडी घेताना तुमची आई ती दुकानाच्या दारापाशी उजेडात नेऊन पाहते, त्यामागे हेच शास्त्र आहे. रात्री दिव्याखाली जुळवलेल्या रंगावर म्हणूनच भरवसा ठेवू नये.

डोळ्याची आणखी एक खोड आहे. त्याला तुलना उत्तम जमते, पण रंग लक्षात ठेवणे जमत नाही. जळगावच्या सराफांची कसोटी आठवा. परीक्षेच्या सोन्याचा कस उमटवून त्याच्या शेजारीच माहीत असलेल्या सोन्याचा कस उमटवतात, कारण शेजारी ठेवल्यावरच बारीक फरक कळतो. रंगारीही प्रथम पत्र्याच्या तुकड्यावर रंग मारतो, वर लॅकर देतो, सुकू देतो आणि मग तो तुकडा दाराला टेकवून उन्हात समोरून व तिरप्या बाजूने पाहतो. अंदाज, नमुना, तुलना, दुरुस्ती आणि पुन्हा नमुना. प्रयोगशाळेत आपण याहून वेगळे काय करतो?

इतके करूनही थोडा फरक उरतोच. येथे कामाचा सर्वांत सुंदर भाग येतो. रंगारी तो फरक पुसण्याच्या मागे लागत नाही, तो फरक पसरवतो. ओरखड्यापाशी पूर्ण रंग, मग बाहेरच्या बाजूला विरळ होत जाणारा रंग, आणि लॅकर मात्र थेट दाराच्या कडेपर्यंत. गरज पडल्यास शेजारच्या दारावरही रंगाची विरळ झाक नेतात. डोळा कड चटकन पकडतो. सावकाश होणारा बदल त्याला जाणवत नाही. तुमच्या वर्गाची भिंत खिडकीजवळ पुष्कळ उजळ आणि कोपऱ्यात मंद असते, तरी तुम्ही तिला एकाच रंगाची म्हणता. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ साली कडांविषयीच्या या गुणाचा अभ्यास केला होता.

यावर कोणी म्हणेल की, आता निरनिराळ्या कोनांतून परावर्तित प्रकाश मोजून रंगाचे सूत्र देणारी यंत्रे आली आहेत; कारागिराच्या नजरेचे एवढे कौतुक कशाला? यंत्र उपयुक्त आहे, ते यावेच. पण यंत्राचे सूत्र डब्यापर्यंत पोचवते. पत्र्यावर फवारा कसा पडतो ते हात ठरवतो. शिवाय यंत्राचा निर्णय अखेर डोळ्याशीच ताडून पाहावा लागतो. १९३१ साली रंगमापनाची जी आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली, तीच मुळी माणसांच्या डोळ्यांवर केलेल्या प्रयोगांवर उभी आहे.

मात्र कौतुक करून थांबणे हा अप्रामाणिकपणा होईल. कारागिराकडून आपण शिकावे तसे त्याचेही आपल्याकडे देणे आहे. घट्ट होणारे द्रव्य मिसळलेल्या दोन घटकांच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायने असतात. त्यांचा फवारा श्वासात गेल्याने दमा जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की पुढे अल्प मात्राही त्रास देते. नाकाला बांधलेला रुमाल धूळ थोडीफार अडवील. बाष्प अडवणार नाही. तेथे नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा आणि हवा बाहेर टाकणारी बंद खोली हवी. रुमाल बांधून फवारणी करणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आपल्याच शाळेतून दहावीनंतर बाहेर पडलेला असतो. बाष्प आणि धूलिकण यांतील फरक त्याला आपण शिकवलेला असतो, पण तो त्याच्या फुप्फुसांशी कधी जोडून दाखवलेला नसतो.

म्हणून शिक्षकांना माझी सूचना आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी गावातल्या एका रंगाऱ्याला वर्गात बोलवा. ज्यांच्या शोधाची आठवण म्हणून आपण हा दिवस पाळतो, त्या सी. व्ही. रामन यांनीही उतारवयात रंग आणि दृष्टी यांवर आवडीने संशोधन केले होते. त्याला तीन पत्र्यांवर एकच रंग तीन तऱ्हांनी मारून आणायला सांगा. मुलांनी ते पत्रे ट्यूबलाइटखाली, दारात आणि मैदानात पाहावेत, निरीक्षणे वहीत लिहावीत आणि प्रश्न विचारावेत. त्याच तासाला शिक्षकाने लॅकरच्या डब्यावरची धोक्याची सूचना मराठीत समजावून सांगावी. त्या तासाला कोण शिकवतो आणि कोण शिकतो हे ठरवणे अवघड जाईल. तसे झाले तर तास चांगला झाला असे मी म्हणेन.