टाके कुणाचे, नाव कुणाचे?

घरात बाळ आले, की जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून त्याच्यासाठी गोधडी शिवायची आपल्याकडे रीत आहे. १९११ साली पॅरिसमध्येही एका आईने आपल्या नवजात मुलासाठी अशीच गोधडी शिवली. तिचे नाव सोनिया दलोने.

सोनियाचा जन्म १८८५ साली युक्रेनमध्ये झाला. लहानपणीच ती सेंट पीटर्सबर्गला मामाकडे गेली आणि पुढे चित्रकला शिकत पॅरिसला पोहोचली. पण युक्रेनच्या शेतकऱ्यांच्या घरांत पाहिलेली तुकड्यांची पांघरुणे ती विसरली नव्हती. गोधडी पुरी झाली, तेव्हा तिच्यात तिला क्यूबिझमची छटा दिसली. वस्तूंचे कोन आणि पैलू मोकळे करून मांडणारी ही चित्रशैली तेव्हा पॅरिसमध्ये गाजत होती. मग तीच पद्धत सोनियाने चित्रांत आणि कापडांच्या नक्षीत वापरली. १९६४ साली लूव्रमध्ये तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. हयातीत हा मान मिळालेली ती पहिली स्त्री चित्रकार. ती गोधडी आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

खेड्याने शहराला असे दिले, तसे शहरानेही खेड्याला दिले. अलेक्सांद्रा एक्स्टर ही चित्रकार कीव्ह आणि पॅरिस यांच्यामध्ये सतत ये-जा करी. युक्रेनमधील वर्बीव्का गावी नतालिया दाविदोवा यांनी भरतकामाची कार्यशाळा चालवली होती. एक्स्टरमुळे नव्या चित्रकारांची नक्षी तेथील बायकांच्या हाती आली. कीव्हमध्ये जन्मलेल्या काझिमिर मालेविचचे चौकोन आणि पट्टे नोव्हेंबर १९१५ मध्ये मॉस्कोच्या प्रदर्शनात भरतकामाच्या रूपाने मांडले गेले. त्याची गाजलेली चित्रे लोकांपुढे आली ती त्यानंतर, डिसेंबरमध्ये!

नक्षी काढणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली. टाके घालणाऱ्या बहुतेक बायकांची राहिली नाहीत. देशाचे नावही असेच पुसले गेले. वर्षानुवर्षे ही कला सरसकट ‘रशियन’ म्हणून दाखवली गेली. २०२२ च्या युद्धानंतर काही मोठ्या संग्रहालयांनी अशा चित्रकारांच्या पाट्या बदलल्या.

कलेत देवाणघेवाण चालायचीच, पण देणाऱ्याचे नाव राहायला हवे. आपल्या घरी आजीची गोधडी असेल, तर तिच्या एका कोपऱ्यात आजीचे नाव आणि गाव दोन टाक्यांत भरून ठेवा. पुढच्या पिढीला कळू द्या, की ही कुणाच्या हातची आहे.