शिक्षकाविना सिंहावलोकन

चित्रकलेचे प्राध्यापक विद्यापीठातून निवृत्त झाले, की काही वर्षांनी त्यांच्या कलाकृतींचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरते. दीपप्रज्वलन होते, शाल व श्रीफळ अर्पण केले जाते, गुळगुळीत कागदावरचा कॅटलॉग निघतो आणि प्रत्येक वक्ता ‘थोर गुरू’ या शब्दांनी भाषण संपवितो. मग मंडळी दालनात शिरतात. भिंतींवर गुरूंची चित्रे असतात. त्यांचे गुरुत्व मात्र कोठेच दिसत नाही. या प्रथेस आमचा विरोध आहे. ज्या माणसाने उभी हयात वर्गात घालविली, त्याचा सत्कार करताना वर्गच वगळणे हे आम्हांस सोयिस्कर विस्मरण वाटते.

आमचे म्हणणे तीन प्रदर्शनांच्या आधारे मांडतो. २००३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात के. जी. सुब्रमण्यन यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन झाले. २००६-०७ मध्ये तेथेच विनोदबिहारी मुखर्जी यांचे जन्मशताब्दी प्रदर्शन भरले. २०२५ साली दिल्लीच्याच किरण नाडर कला संग्रहालयात गुलाममोहम्मद शेख यांचे प्रदर्शन झाले. तीन कलावंतांची ही तीन प्रदर्शने. पण त्यांचे गोत्र एकच आहे. शांतिनिकेतनच्या कलाभवनात सुब्रमण्यन हे विनोदबिहारींचे विद्यार्थी होते. १९५१ साली ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवू लागले आणि तेथे शेख त्यांचे विद्यार्थी झाले. पुढे शेखांनीही तेथेच दीर्घकाळ अध्यापन केले. विनोदबिहारींच्या त्या प्रदर्शनाची मांडणी ज्या दोघांनी केली, त्यांत आर. शिवकुमार यांच्यासमवेत शेखही होते. नातशिष्याने आजेगुरूंची चित्रे जुळवून लोकांपुढे ठेवली! विनोदबिहारींच्या अध्यापनाचा याहून बळकट पुरावा कोणता? असा पुरावा चित्रांच्या चौकटीत मावत नाही. तो माणसांच्या परंपरेत शोधावा लागतो.

यावर आयोजकांचे उत्तर ठरलेले असते. शिकविणे ही अदृश्य गोष्ट आहे, ते म्हणतात. ती खिळ्याला टांगता येत नाही. हे उत्तर आम्हांस मान्य नाही. नंदलाल बोस आपल्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डांवर रेखाचित्रे काढून पाठवीत. ती कार्डे म्हणजे टपालाने गेलेले पाठच होत. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात १९४६-४७ साली विनोदबिहारींनी मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र रंगविले, तेव्हा त्यांच्या हाताखाली विद्यार्थी राबत होते आणि सुब्रमण्यन त्यांतलेच एक होते. ती भिंत हे चित्र आहे, तसा तो भरलेला वर्गही आहे. बडोद्याच्या कलाविभागाच्या जत्रेसाठी अध्यापक आणि विद्यार्थी मिळून खेळणी बनवीत. सुब्रमण्यन यांची खेळणी तर प्रसिद्धच आहेत. ज्योती भट्ट यांनी त्या परिसरातील जीवन छायाचित्रांत टिपून ठेवले आहे. एवढी सामग्री हाताशी असता अध्यापन दाखविता येत नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

ही सामग्री जपली कोणी, हेही पाहण्यासारखे आहे. सुब्रमण्यन, शेख, ज्योती भट्ट आणि रतन पारिमू या बडोद्याच्या चार कलावंत-अध्यापकांच्या व्यक्तिगत संग्रहांतील कागदपत्रे व छायाचित्रे आज एकत्र पाहावयाची, तर हाँगकाँगच्या एशिया आर्ट आर्काइव्हने तयार केलेला संगणकीय संग्रह उघडावा लागतो. त्या संस्थेचे आम्ही ऋणी आहोत. परंतु घरची तांब्यापितळेची भांडी शेजाऱ्याने घासूनपुसून ठेवावीत आणि घरधन्याने सणाच्या दिवशी ती मिरवावीत, यात घराची शोभा ती काय?

आता थोडे कटू बोलतो. शिक्षकाचा मान तो सेवेत असताना राखावयाचा असतो. मे २००७ मध्ये बडोद्याच्या याच कलाविभागात एका विद्यार्थ्यास परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून अटक झाली. त्यांतील एका चित्राचा विषय ख्रिस्ताचा क्रूस होता आणि त्याने ख्रिस्ती मनेही दुखावली होती. हे आम्ही लपवीत नाही. विद्यार्थ्यांनी निषेध म्हणून कलेतिहास विभागाच्या संग्रहातील प्राचीन शिल्पचित्रांच्या प्रतिमा मांडल्या. ते प्रदर्शन बंद करण्याचा आदेश आला. प्रभारी अधिष्ठाते शिवाजी पणिक्कर यांनी तो मानला नाही आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. चित्राविषयी मतभेद असू शकतात, आमचेही आहेत. पण विद्यार्थ्याच्या पाठीशी उभे राहणे हे शिक्षकाचे कामच आहे. ते काम करणाऱ्यास घरी बसवावयाचे आणि निवृत्तांना शालजोड्या पांघरावयाच्या, हा दुटप्पीपणा आम्हांस पटत नाही.

आमच्या महाराष्ट्राने याकडे दूरचा तमाशा म्हणून पाहू नये. १८५७ पासून चालत आलेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेस २०२३ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. शंकर पळशीकर तेथेच शिकले, तेथेच शिकविते झाले आणि तेथेच अधिष्ठाते झाले. त्यांचे विद्यार्थी प्रभाकर कोलते यांनीही त्याच वास्तूत १९७२ ते १९९४ अशी बावीस वर्षे अध्यापन केले. या नव्या विद्यापीठातही उद्या निवृत्त अध्यापकांची सिंहावलोकने होतील, व्हावीतच. मात्र त्यासाठी आमच्या तीन मागण्या आहेत. गुरूंच्या चित्राशेजारी विद्यार्थ्यांची चित्रे लावावीत. गुरूंशी भांडून वेगळी वाट धरणाऱ्यांची तर आवर्जून लावावीत, कारण शिकविणे सफल झाल्याची ती खरी खूण असते. गुरूंची टिपणे, वर्गात दिलेले पाठ आणि पत्रे विद्यापीठाने स्वतः जतन करून मांडावीत. आणि तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची: निवृत्ताच्या जागी कायम शिक्षक नेमल्याखेरीज त्याच्या प्रदर्शनाची निमंत्रणपत्रिका छापू नये.

पेरणाऱ्याचा सत्कार करावयाचा, तर आधी शेत नांगरलेले असावे. ओसाड बांधावर त्याची तसबीर लावून त्याला हार घालणारे लोक शेतकऱ्याचे हितचिंतक नसतात, हे आमच्या खेड्यांतील कोणीही सांगेल. विद्यापीठांच्या कुलगुरूंना ते का उमजू नये?