सोळा वर्षांचा रोज

धुळ्याच्या कारागृहाचे नाव निघाले की आम्हा खानदेशवासीयांना १९३२ साल आठवते. त्या वर्षी २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळातील अठरा रविवारी विनोबांनी तेथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. या आठवणीचा अभिमान रास्तच आहे. परंतु तुरुंग ही जणू तपोभूमीच असते, असा एक भ्रमही तिने पोसला आहे. ज्याच्या शेजारी साने गुरुजी नाहीत आणि ज्याला वकीलपत्रावरचा मजकूर वाचता येत नाही, त्याचा तुरुंग निराळा असतो.

जून २००३ मध्ये नाशिक परिसरात पाच जणांची निर्घृण हत्या झाली. आरोपी म्हणून उभे केलेले सहाही जण भटक्या जमातीतील गरीब मजूर होते. सत्र न्यायालयाने २००६ मध्ये सर्वांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये तिघांची फाशी जन्मठेपेत उतरविली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. त्याच न्यायालयाच्या न्या. सिक्री, न्या. नझीर व न्या. शहा यांच्या पीठाने ५ मार्च २०१९ रोजी सर्वांना निर्दोष ठरविले. हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रीने पोलिसांकडील छायाचित्रांतून चार निराळीच माणसे ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता! सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देवविली. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला भागाकाराची खोड असते, ती वाचकांनी क्षम्य मानावी. सोळा वर्षांवर ही रक्कम पसरली तर दिवसाला सुमारे ८५ रुपये पडतात. २०१९-२० मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा रोज २०६ रुपये होता. म्हणजे खडी फोडणाऱ्याच्या निम्म्याहून कमी दराने राज्याने सहा माणसांचे तारुण्य विकत घेतले, आणि तेही त्यांना न विचारता. फाशीच्या छायेत काढलेल्या रात्रींची किंमत या हिशेबात धरलेलीच नाही. ती कोणत्या कोष्टकाने धरावी, हे मलाही सांगता येणार नाही.

भटक्यांवरचा संशय मात्र आपल्या दारातलाच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. जमावाने जे तासाभरात केले, तेच कचेरीतील यंत्रणा सोळा वर्षे कागदोपत्री करीत होती, असे म्हटले तर ते कटू वाटेल. पण संशयाचे मूळ एकच आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याची सवय गेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगातील जातवार कामवाटप घटनाबाह्य ठरवावे लागले आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या नियमांचाही समाचार घ्यावा लागला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी ही दाद मागितली होती.

सुधारणेच्या शिफारशींची उणीव नाही. फाशीच्या कैद्याला एकांतात डांबण्यावर न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७८ मध्येच आसूड ओढला. मुल्ला समितीचा अहवाल १९८३ चा. तथापि तुरुंग कितीही माणुसकीचा केला तरी निर्दोषाच्या लेखी तो तुरुंगच. म्हणून विधि आयोगाचा २७७ वा अहवाल मला अधिक मोलाचा वाटतो. चुकीच्या खटल्यांबद्दल भरपाईचा कायदेशीर हक्क असावा, असे त्याने ऑगस्ट २०१८ मध्ये सुचविले. इंग्लंडात तशी तरतूद १९८८ पासून आहे. भरपाई न्यायाधीशांच्या औदार्यावर सोडली की तिला दर नसतो, आणि ज्याला दर नाही ती उधळपट्टी कोणतेही खाते थांबवीत नाही.

२०१९ च्या निकालात दोषी अधिकाऱ्यांवर कारवाईचाही आदेश होता. त्याचे काय झाले, हा प्रश्न जळगाव-धुळ्याच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात गृहखात्याला विचारावा. भटक्यांची पाले त्यांच्या मतदारसंघांतही दर हिवाळ्यात पडतात.