भूकंप ही कुणाची साक्ष?

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूरहून लोणार फार दूर नाही. तेथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर उल्कापाताने काळ्या पाषाणात कोरले गेले, असे विज्ञान सांगते. भगवान विष्णूंनी लवणासुराचा वध केला ते हेच स्थान, असे पुराण सांगते. या परिसरातील शेतकरी दैत्यसूदनाच्या मंदिरात हात जोडतो आणि त्याचा मुलगा शाळेत उल्केचा धडा गिरवतो. दोघांत भांडण नाही. धरणीला पडलेल्या त्या प्रचंड घावाची कथा 'आमच्या देवाला शरण या, नाहीतर तुमचाही नाश होईल' असा धाक कुणाला घालत नाही.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत भूकंप हा ईश्वरी सामर्थ्याचे चिन्ह म्हणून वारंवार येतो. परमेश्वर उतरतो तेव्हा सीनाय पर्वत थरथरतो. येशूच्या मृत्युसमयी भूमी कापते, खडक फुटतात. पौल आणि सीला यांच्या तुरुंगाची दारे भूकंपाने उघडतात. 'प्रकटीकरणा'त तर अंतकाळचा महाभूकंप नगरेच्या नगरे जमीनदोस्त करतो. श्रद्धावानाने त्यात आपल्या देवाचा महिमा पाहावा. त्यास हरकत असण्याचे कारण नाही. हरकत आहे ती ग्रंथातील हे चिन्ह खऱ्याखुऱ्या माणसांच्या ढिगाऱ्यावर रोवण्यास.

१२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतील धर्मप्रचारक पॅट रॉबर्टसन यांनी हैतीवासीयांच्या पूर्वजांनी सैतानाशी करार केल्याचे दूरचित्रवाणीवरून सांगितले. हैती हा बहुसंख्य ख्रिस्ती देश! १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनमध्ये भरलेली चर्चच उपासकांवर कोसळली. तोही ईश्वरी कोप, असे मालाग्रिदा नावाच्या जेझुइट पाद्र्याने बजावले होते. भाविकांनाच प्रार्थनेच्या वेळी चिरडणारी ही कोणती साक्ष?

उत्तर त्यांच्याच ग्रंथात आहे. एलीयासमोर भूकंप झाला, पण परमेश्वर त्या भूकंपात नव्हता, असे 'राजे' या ग्रंथात नोंदले आहे. शिलोहचा बुरूज कोसळून मेलेले अठरा जण इतरांहून अधिक पापी नव्हते, असे स्वतः येशू सांगतो. भीतीचा बाजार मांडणाऱ्यांना ही वचने नेमकी कशी आठवत नाहीत?

महाराष्ट्राला या प्रश्नाचे मोल ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जन आटोपून माणसे गाढ झोपेत असताना किल्लारी हादरली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत अधिकृत नोंदीनुसार ७,९२८ जीव गेले. ते कुणाच्या कोपाने गेले नाहीत. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि मातीचे जड माळवद अंगावर आल्याने गेले. अशा वेळी पोरक्या झालेल्या लेकराला अन्न देणे हा धर्म. त्या अन्नाबरोबर त्याच्या कुलदेवतेची निंदा भरवणे हा अधर्म. निरपेक्ष सेवा करणारा ख्रिस्ती सेवकही वंदनीयच आहे. सेवेची किंमत श्रद्धेत वसूल करणारा मात्र सेवक नव्हे, सावकार होय.

आणि हा निकष आपल्यालाही लागू आहे. १९३४ च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा अस्पृश्यतेचे विरोधक असलेल्या रवींद्रनाथांनीच त्याचा जाहीर प्रतिवाद केला. अस्पृश्यता पाप आहेच; पण त्यासाठी निष्पाप बालकांना गाडणारा न्याय ईश्वराचा असू शकत नाही. ग्रहदशा सांगून आपद्ग्रस्तांना लुबाडणारे आपल्यातलेही तितकेच दोषी आहेत.

किल्लारीनंतर संघाच्या जनकल्याण समितीचे स्वयंसेवक ढिगारे उपसत होते. ज्ञान प्रबोधिनीने हराळीत शिक्षणाचे काम उभे केले. धरणी पुन्हा कधीतरी कापेल. त्या दिवशी पीडिताचे पाप कोणते, हे विचारू नये; आधी त्याला बाहेर काढावे, मग त्याचे घर पक्के बांधून द्यावे. दैवी शक्तीची साक्ष द्यायचीच असेल, तर ती अशा हातांनी द्यावी.