शेतकऱ्यानें कामाची गाडी कोणती घ्यावी?

हल्लीं बाजाराच्या दिवशीं तालुक्याच्या गांवीं चार बागाईतदार एकत्र जमले म्हणजे पावसापाण्याच्या गोष्टी आटोपतांच बोलणें गाडीवर येतें. कोणीं ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतलेला असतो, कोणी पिकअप घेण्याच्या बेतांत असतो, कोणाच्या चिरंजीवांचा डोळा जीपवर असतो. आणि एकच वाहन असें घ्यावें कीं शेतांतलें, रस्त्यावरचें व घरचें सर्व काम त्यावर भागावें, ही इच्छा मात्र सर्वांची सारखीच असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरावरील वस्तु व सेवा कर शेंकडा १२ वरून ५ वर आला, तेव्हांपासून तर या बोलण्यास विशेषच रंग चढला आहे. इच्छा वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती पुरी करण्याची जी रीत पडत चालली आहे ती आम्हांस पसंत नाहीं, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरांत गेली. सात-बाराच्या उताऱ्यांतील ‘इतर अधिकार’ या सदराखालीं बोजा चढला म्हणजे तो विहिरीचा, पाइपलाइनीचा कीं ट्रॅक्टराचा, हें कागद हातीं येतांच आम्हांस कळत असे. विहिरीचे बोजे उतरल्याच्या नोंदी आमच्या हातून पुष्कळ झाल्या. ट्रॅक्टराचा बोजा उतरण्यापूर्वींच त्याच गटावर दुसरा बोजा चढल्याच्या नोंदीही कांहीं थोड्या झाल्या नाहींत. यंत्र वाईट होतें म्हणून असें झालें, असें नव्हे. यंत्र चांगलें होतें. पण वर्षांतील बहुतेक दिवस तें गोठ्याशेजारीं ताडपत्रीखालीं उभें असे, आणि हप्ता मात्र सहामाहीस न चुकतां दारांत येई. विहिरीचें पाणी जमिनीचें उत्पन्न वाढवितें. उभा ट्रॅक्टर कांहींच वाढवीत नाहीं, उलट त्याची स्वतःची किंमत दरसाल उतरत जाते.

तेव्हां दुकानांत जाऊन गाडी पाहण्यापूर्वीं घरीं बसून वर्षाचीं कामें पाहावीं, असें आमचें पहिलें सांगणें आहे. उदाहरणार्थ, तासगांव-पलूसकडील १० एकरांचा एक खातेदार घ्या. दोन एकर द्राक्षें, तीन एकर ऊस, बाकी रानांत सोयाबीन व शाळू, दावणीस तीन-चार जनावरें. याचीं वजनाचीं कामें कोणतीं? ऊस तो स्वतः नेत नाहीं; कारखान्याचा तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार नेतो. द्राक्षें बहुधा व्यापारी बांधावरून उचलतो. सोयाबीन विकावयास नेणें हें वर्षांतून एक-दोन खेपांचें काम. खोल नांगरट उन्हाळ्यांत, तीही सगळ्या रानाची दरसाल नव्हे. उलटपक्षीं, ऑक्टोबर छाटणीनंतर बागेंत औषध मारण्याचें काम आठवड्यांतून दोन-तीन वेळां, आणि पाऊस किंवा धुकें आलें तर रोजचें रोज निघतें. वैरणीचा भारा रोजचा. दुधाच्या किटल्या सकाळ-संध्याकाळच्या. सोसायटींतून खताचीं पोतीं आणणें, शेणखत पसरावयास नेणें, छाटणीच्या काड्या बाहेर काढणें, पाण्याची टाकी ओढणें, जळालेली मोटर गांवांत पोंचविणें, हीं कामें सदाचींच. हा हिशोब कागदावर मांडला म्हणजे दिसून येईल कीं ज्या कामासाठीं मन मोठ्या यंत्राकडे धांवतें तें काम वर्षांतून चार-सहा दिवसांचें आहे, आणि जें काम बाकीचें सारें वर्ष चालतें तें हलकें, अरुंद वाटेचें, हळू चालण्याचें व घराजवळचें आहे. गाडी निवडावयाची ती या दुसऱ्या कामासाठीं. पहिलें भाड्यानें करून घ्यावें.

एकाच वाहनानें सर्व कामें करण्याची कल्पना आपल्याच मनांत प्रथम आली असें कोणीं समजूं नये. १९४५ सालीं महायुद्ध संपलें, तेव्हां अमेरिकेंत विलिस कंपनीनें आपली लष्करी जीप सुधारून शेतकऱ्यांपुढें आणली. तिला नांगर जोडतां येई, तिच्यावर पट्टा लावून यंत्रें फिरवितां येत, आणि सायंकाळीं तींतूनच कुटुंबास गांवांत नेतां येई. ब्रिटनच्या रोव्हर कंपनीनें याच धोरणानें १९४८ सालीं ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत लँड रोव्हर मांडली. जर्मनींत १९४६ सालीं ‘युनिमॉग’चा पहिला नमुना चालला, त्याच्या चाकांतील अंतर १,२७० मिलिमीटर ठेविलें होतें, कारण बटाट्याच्या दोन ओळी तेवढ्या अंतरांत बरोबर बसत. पिकाच्या ओळी मोजून मग गाडीचीं चाकें ठरविणारा कारागीर विरळाच, आणि या तिन्हींत शेताचा खरा विचार युनिमॉगच्या कर्त्यांनींच केला होता, असें आमचें मत आहे. तरी पुढें काय झालें? जीप व लँड रोव्हर या रस्त्यावर, जंगलांत व पलटणींत गेल्या. युनिमॉग बहुतांशीं नगरपालिका, अग्निशामक दल व लष्कर यांच्या कामीं लागला. शेत ट्रॅक्टराकडेच राहिलें. आपल्याकडेही मुंबईस ज्या महिंद्रांनीं आधीं जीपगाड्या जुळवून विकल्या, त्यांनाच १९६३ सालीं ट्रॅक्टरांसाठीं निराळी कंपनी काढावी लागली. जीपनें नांगरट भागत असती तर हा खटाटोप कशास?

याचें कारण उघड आहे. नांगर ओढावयास वजन हवें, मंद गति हवी व मागचीं चाकें मोठीं हवींत. रस्त्यास वेग हवा, पाट्यांची लवचिक बैठक हवी आणि अंग हलकें हवें. हे दोन्ही गुण एका गाडींत कोंबले कीं दोन्ही कामें अर्धवट होतात. शिवाय काळ्या रानांत वजनाचा फायदा तसा तोटाही आहे. ५० अश्वशक्तीचें धूड दोन टनांच्या आसपास भरतें. पुरता वाफसा न येतां तें रानांत घातलें तर चाकाखालची माती दाबून घट्ट होते, आणि त्या पट्ट्यांत पुढें मुळी खालीं जात नाहीं कीं पाणी मुरत नाहीं.

म्हणून वर सांगितलेल्या खातेदारानें २० ते २५ अश्वशक्तीचा, चारही चाकांवर ओढ असलेला लहान ट्रॅक्टर आणि त्यास साजेशी दीड टनाची दोनचाकी ट्रॉली घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. द्राक्षाच्या दोन ओळींत आठ-नऊ फूट अंतर असतें. त्यांतून हा ब्लोअर घेऊन सुखानें फिरतो. पेरणी, कोळपणी, सरी सोडणें, लहान रोटाव्हेटर, वैरण, खत, सर्व त्यावर होतें. घेतांना पाटीवरच्या अश्वशक्तीस भुलूं नये. ती इंजिनाची असते, मागच्या पी.टी.ओ. दांड्यावर, म्हणजे ब्लोअर व रोटाव्हेटर जेथून फिरतात तेथें, तिच्यांतील सुमारें शेंकडा ८५ च हातीं लागते. दांडा मिनिटास ५४० फेरे करीत असतां शक्ति किती मिळते, उचल किती किलोची, तासास डिझेल किती जळतें, हें विक्रेत्याच्या तोंडून न ऐकतां मध्यप्रदेशांतील बुदनी येथें केंद्र सरकारची जी शेतकी यंत्रांची परीक्षण संस्था आहे तिच्या अहवालांत पाहावें. अहवाल मागितला तर पुष्कळ विक्रेते चहा मागवितात. चहा घ्यावा, पण अहवालही घ्यावा. ट्रॅक्टराची बाहेरची रुंदी स्वतः टेपानें मोजावी, आणि आपल्या गांवास सर्वांत जवळ ज्या यंत्राची दुरुस्ती होते त्यास, बाकी गुण सारखे असतील तर, पहिली पसंती द्यावी. फवारणीच्या दिवसांत दोन दिवस बंद पडलेलें यंत्र किती महाग पडतें तें बागाईतदारास सांगावयास नको.

ट्रॉलीविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे, कारण तेथें प्रश्न पैशाचा नव्हे, जिवाचा आहे. ट्रॉली वेल्डिंगच्या दुकानांत करवून घेतात, आणि तिला ब्रेक क्वचितच बसवितात. लहान ट्रॅक्टर टनभर वजनाचा. त्यामागें दोन टन भरलेली बिनब्रेकची ट्रॉली उतारास लागली म्हणजे ट्रॅक्टर ट्रॉलीस आंवरीत नाहीं, ट्रॉलीच ट्रॅक्टरास ढकलते. ती जोडावयाची ती खालच्या ड्रॉबारासच. मागच्या आंसाच्या वर कोठेंही सांखळी बांधून ओढूं लागल्यास चढावर पुढचीं चाकें उचलतात, ट्रॅक्टर मागें उलटतो आणि चालक त्याखालीं सांपडतो. ट्रॉलीची नोंदणी निराळी करावी लागते, आणि विम्याच्या कागदावर तिचा उल्लेख आहे कीं नाहीं तें वाचून घ्यावें. भांगलणीच्या बायकांस ट्रॉलींत दाटीनें बसवून नेण्याची जी चाल सर्रास पडली आहे ती तर अगदीं बंद व्हावी. शेतमालाच्या ट्रॉलींत बसलेल्या माणसांस सामान्यतः विम्याचा आधार नसतो. अपघात झाला तर घरची कर्ती बाई गमावलेल्या कुटुंबास मालकाच्या दारांत उभें राहण्यावांचून गति नाहीं, आणि मालकापाशीं द्यावयास जमिनीवांचून दुसरें कांहीं नसतें.

वरील मत सर्वांस लागू नाहीं. ज्याचा माल टोमॅटो, कोथिंबीर किंवा फुलें, व जो हंगामभर एक दिवसाआड रात्रीं पुण्याच्या किंवा वाशीच्या बाजारास जातो, त्यानें पिकअपच घ्यावी. त्याचें निम्में शेत रस्त्यावर आहे. कोंकणांतील व गोव्याकडील लहान खाचरांत पॉवर टिलर बरा. पांच एकर कोरडवाहू असणाऱ्यानें यांपैकीं कांहींच घेऊं नये. एक जोडी ठेवावी व बाकी काम भाड्यानें उरकावें. बैल बारा महिने खातात हा आक्षेप खरा आहे. पण हप्ताही बारा महिने खातो, आणि शेण देत नाहीं.

आमच्या मतावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे. भाड्याचें यंत्र वेळेवर मिळत नाहीं. पाऊस पडून वाफसा आला कीं सर्वांस एकाच दिवशीं तें हवें असतें, आणि पेरणी चार दिवस मागें पडली तर वर्ष मागें पडतें. हें आम्हांस मान्य आहे. परंतु वाफशावरची पेरणी हें लहान ट्रॅक्टराचेंच काम आहे, आणि तो घरचा आहे. भाड्यानें करावयाची ती खोल नांगरट. ती उन्हाळ्यांत होते, तेव्हां आठ दिवस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाहीं. एका शिवारांतील पांच-सहा खातेदारांनीं मिळून ट्रॅक्टरवाल्यास एप्रिलांतच बोलावून सलग रान दिलें तर तो दरही उतरवितो, हें आम्हीं पाहिलें आहे. गांवांत अवजार बँक असल्यास तिच्याकडे आधीं नांव लावावें.

शेवटीं कर्जाविषयीं. ट्रॅक्टर स्वतःच तारण राहूं शकतो; त्यावर भागत असेल तर जमीन गहाण देऊं नये, आणि बँक जमीन मागत असेल तर साऱ्या खात्याऐवजीं एखादा गट देऊन काम होतें कीं नाहीं तें विचारावें. अनेकांस वाटतें कीं शेवटचा हप्ता भरला म्हणजे बोजा आपोआप उतरला. तसें होत नाहीं. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्यावा, तो अर्जासोबत तलाठ्याकडे, ज्यांस हल्लीं ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, द्यावा, अर्जाची पोंच घ्यावी, फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढावा, आणि ‘इतर अधिकार’ या सदरांतून ती नोंद गेली आहे कीं नाहीं हें स्वतः वाचून पाहावें.